ड्रायव्हरच्या बाजूचं दार

आबांच्या गाडीला डॅम्पिंग, म्हणजे पत्रा वाजू नये म्हणून आतून अस्तर, करून घ्यायचं माझ्या भावाने ठरवलं, आणि ते मला फोनवर अशा थाटात सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा वडिलांच्या नावाने शाळा बांधतोय.

"अक्का, वर्षश्राद्धाच्या आत गाडी अशी करतो बघ, आत बसून काच वर केली की बाहेर जग हाय का न्हाय त्येचा पत्ता लागायचा न्हाय."

सम्राटला तो पत्ता गाडीत न बसताही फारसा लागलेला नाही, हे मी बोलले नाही. मी सांगलीत राहते, तो कोल्हापुरात. त्याचे बेत मला फोनवर कळतात आणि बहुतेक फोनवरच विरून जातात. हाही विरेल असं मला वाटलं.

सम्राट प्लॉट विकतो. उसाच्या रानात फक्कीच्या रेघा ओढतो, कमान उभी करतो आणि त्या चिखलाला 'नगरी' म्हणतो. आबांच्या प्रथम पुण्यस्मरणाचा डिजिटल बोर्ड त्याने कितीतरी आधी छापून घेतला होता. मधोमध आबा, आणि भोवती गॉगल लावलेले, हात जोडलेले पुष्कळ पुरुष, ज्यांतल्या एकाचंही नाव आबांना सांगता आलं नसतं. तळाशी सम्राटचा धंद्याचा मोबाइल नंबर. दुःख अनावर झालं तर माणसाने लगेच प्लॉट बुक करावा, अशी सोय.

आबांची गाडी म्हणजे चार दारांची, पांढरी, लहानशी, जुनी. शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात ते टर्बाइनवर होते. त्या गाडीने जायचे, त्याच गाडीने कसबा बावड्याला घरी यायचे. टर्बाइनच्या शेजारी सगळी नोकरी काढल्यावर माणसाच्या कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. गाडीत कधी गाणं लावलं नाही. आणि हॉर्नवर त्यांचा विश्वास नव्हता.

"हॉर्न वाजतोय का न्हाय, मला काय कळतंय?" ते म्हणायचे. "दार वाजलं की हाताला कळतंय."

म्हणून ते काच खाली घेऊन, उजवा हात बाहेर टाकून दारावर तळवा मारायचे. दोनदा. टण्ण, टण्ण. पत्रा पातळ होता, मधून जरा पोचाही आला होता. त्या पोच्यावर हात बसला की आवाज आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. गल्लीत आकाराममामांच्या म्हशी असतात. म्हशी कोल्हापूरच्या असल्यामुळे हॉर्नला भीक घालत नाहीत; पण आबांचं दार वाजलं की पाय उचलायच्या.

आणि आत आई तवा ठेवायची. पीठ मळून, परात समोर घेऊन ती बसलेली असे. दार वाजल्याशिवाय गॅस पेटायचा नाही. आबा गाडी लावून, पाय धुऊन पाटावर टेकेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. आयुष्यभर त्यांनी गार भाकरी खाल्ली नाही आणि आयुष्यभर तिने 'आलात का' असं विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, त्यांना ऐकू आलं नसतं.

आबा गेल्यावर गाडी आईच्या दारात उभी राहिली. सम्राट बायकोमुलांना घेऊन पलीकडच्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहतो, तिथे लिफ्ट आहे. त्याच्याकडे स्वतःची मोठी गाडी आहे, जिच्या मागच्या काचेवर 'आबांची पुण्याई' असं लिहिलं आहे आणि जिचे हप्ते बँकेची पुण्याई आहे. मी शनिवारी यायची. आईच्या गोळ्या, भाजी, दळण आणायला आबांची गाडी काढायची. एका शनिवारी परतताना गल्लीत म्हशी आडव्या होत्या. मी हात बाहेर काढला आणि दार वाजवलं. म्हशी सरकल्या. घरात आले तर तव्यावर भाकरी होती.

आईने दुसरी भाकरी थापायला घेतली. मी पाय धुऊन पाटावर बसले. पुढच्या शनिवारी म्हशी नव्हत्या, तरी मी दार वाजवलं. मग दर शनिवारी. आमच्या घरात आबांबद्दल जे काही बोलणं उरलं होतं ते एवढंच होतं, आणि मला त्याहून जास्त नको होतं.

म्हणून त्या शनिवारी दारात गाडी दिसली नाही तेव्हा मी खांद्यावरची पिशवीही न उतरवता आईला विचारलं.

"नेली त्यानं काल," आई म्हणाली. "राजवीरच्या दुकानात. मऊ करून आणणार म्हणं."

मी रिक्षा करून उद्यमनगरात गेले.

राजवीर हा सम्राटचा वर्गमित्र. त्याने गाड्यांना साउंड बसवायचं नवं दुकान काढलं होतं. बाजूला लोखंड ओतणारे, घासणारे, भोकं पाडणारे कारखाने, सगळा दिवस कानठळ्या. आणि मध्ये हा काचेच्या दाराआड शांतता विकत बसलेला. आबांची गाडी आत उभी होती. सीट काढून भिंतीला टेकवलेल्या. दारांच्या आतली पॅनेलं उतरवलेली, आतला पत्रा उघडा. गाडी सोलल्यासारखी दिसत होती. तीन दारांच्या आत काळ्या, वरून चंदेरी वर्ख लावलेल्या चिकट शीट बसल्या होत्या. दोन कामगार रुळाने त्या पत्र्यावर दाबत होते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार अजून कोरं होतं.

मी वेळेत पोचले होते.

"या या, अक्का!" राजवीर म्हणाला. "ए, खुर्ची द्या रे अक्कांना. सम्राट, अक्का आल्यात बघ."

सम्राट गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता, एखाद्या मेलेल्या वाघाशेजारी फोटो काढून घेणाऱ्या संस्थानिकासारखा. "आलीस व्हय? बरं झालं. आता तुला फरक दावतो. राजवीर, दाव की."

राजवीरला एवढंच हवं होतं. त्याने मागच्या दारावर बोटाची पेरं आपटली. थप्प. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला, आणि तिथेच मेला.

"ही झाली गाडी," तो म्हणाला. मग पुढे येऊन त्याने ड्रायव्हरच्या दारावर, नेमका पोच्यावर, तळवा मारला. टण्ण, टण्ण. "आणि हा झाला पत्र्याचा डबा. शेवया ठेवायचा."

सगळे हसले. सम्राट सगळ्यांत मोठ्याने.

"परत मार," एक कामगार म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता. "रील घेतोय. आधी आन् नंतर."

राजवीरने परत मारला. टण्ण, टण्ण. मग बाजूच्या दारावर, थप्प. मोबाइलकडे बघून म्हणाला, "मंडळी, आपल्या वाडवडिलांच्या जुन्या गाडीला टाकू नका. आमच्याकडं आणा. डब्याचा दागिना करून देतो. नाद खुळा!"

मी पुस्तकांत वाढलेली बाई आहे. असं काही घडलं की माझ्या डोक्यात चांगली वाक्यं जमतात आणि तोंडात एकही येत नाही. मी त्या चार माणसांकडे बघितलं. त्यांच्यासमोर आबांचे कान काढायचे, आईचा तवा काढायचा? राजवीरने मान हलवून ऐकलं असतं, डोळे पुसले असते, आणि त्याचीही रील केली असती. मागे बासरीचं संगीत.

"एवढं दार राहू द्या," मी म्हणाले.

"कुठलं?"

"हे. ड्रायव्हरच्या बाजूचं. याला काही लावू नका."

राजवीरने सम्राटकडे बघितलं. सम्राटने माझ्याकडे.

"का गं?" सम्राट म्हणाला.

"नको. बाकीचं सगळं करा. हे आहे तसं असू द्या."

"अक्का, असं अर्धवट आपण करत न्हाय," राजवीर समजावणीच्या सुरात म्हणाला. "तीन दारं गप्प आन् एक बोंबलतंय, मग आतलं गाणं कसं लागंल? आन् ह्याला तर पोचा हाय. सगळ्यात जास्ती ह्येच वाजतंय."

"म्हणूनच म्हणते. नको त्याला काही."

"अगं, तू कशाला संकोच करतीस?" सम्राट म्हणाला. "आबांची बाजू हाय ती."

"संकोच नाही. मला ते तसंच हवंय."

"बरं बरं," राजवीर म्हणाला, आणि त्याने सम्राटला डोळा घातला. मला तो दिसला. त्याचा अर्थ मी असा लावला, की बायकांचं काहीतरी असतं, ऐकून घ्यावं. एवढ्या अपमानात काम होत असेल तर स्वस्त पडलं, असं मला वाटलं. चहा आला. मी उभ्यानेच घेतला आणि निघाले.

मी इथे जन्मले, इथे वाढले, आणि तरीही चुकले ते असं. आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला आणि वाटीवर हात आडवा धरून 'नको' म्हणाला, की वाढणारा त्याचा हात बाजूला करून रस्सा ओततो. पाहुणा दुसऱ्यांदा 'नको' म्हणाला की वर दोन फोडी जास्त. खरंच पोट भरलेलं असू शकतं, ही शक्यता या शहराने कधी विचारात घेतलेली नाही. मी त्या दुकानात तीनदा नको म्हणाले होते.

रविवारी संध्याकाळी गाडी आली. मी आईच्या पुढच्या खोलीत होते. आई आत, पीठ मळून, परात समोर घेऊन. तिने मला सकाळीच विचारलं होतं, "आज आणणार न्हवं गाडी?" मी हो म्हटलं होतं. आज तिने पीठ जास्त मळलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी आधी नव्या स्पीकरची धडधड ऐकू आली. काच खाली होती, सम्राट गाडी चालवत होता, शेजारी राजवीर, मागे बोर्डावरच्या हात जोडणाऱ्यांपैकी दोघे. आकाराममामांच्या म्हशी धार काढायला निघालेल्या, नेमक्या आडव्या. सम्राटने हॉर्न दिला. त्याने हॉर्नही नवा बसवून घेतला होता, तो तीन सुरांत वाजतो. एका म्हशीने शेपूट हलवली. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"मामा, म्हशी घ्या की बाजूला!"

"त्यास्नी सांग की," आकाराममामा धारेची बादली सांभाळत म्हणाले. "मी काय त्यांचा मालक हाय व्हय? त्याच माझ्या मालकिणी हायत."

आणि मग सम्राटचा हात बाहेर आला. मी दारातून बघत होते. त्याने विचार केला नव्हता, हे मला पक्कं सांगता येईल, कारण विचार करताना त्याचा चेहरा वेगळा दिसतो. हात आपोआप आला, आबांसारखा, कोपर काचेच्या खोबणीवर टेकवून, आणि तळवा पोच्यावर पडला.

थप्प.

सम्राटने हाताकडे बघितलं. परत मारला. थप्प. म्हशी हलल्या नाहीत. शेवटी मामांनीच काठीने त्या बाजूला घेतल्या.

मी आत वळून बघितलं. आई परातीसमोर बसून होती. गॅस बंद होता.

गाडी दारात लागली. राजवीर उतरला, माझ्याकडे आला आणि देवाचा प्रसाद द्यावा तसं म्हणाला, "अक्का, तुम्ही नको नको म्हणत होता न्हवं? त्या दाराला डबल थर मारलाय. आमच्याकडनं. आबांची बाजू म्हटल्यावर आपण मागं सरतोय व्हय?"

"तुला सांगितलं होतं मी," मी सम्राटला म्हणाले.

"अगं, तू भिडस्त हायेस. आम्हाला काय कळत न्हाय व्हय?"

मग त्यांनी मला गाडीत बसवलं. काचा वर केल्या. राजवीरने साउंड दाखवण्यासाठी खास बनवलेली एक क्लिप लावली. आधी पाण्याचा थेंब पडला. मग काच फुटली. मग एक हेलिकॉप्टर डाव्या बाजूने येऊन आमच्या गुडघ्यांवरून उजवीकडे गेलं. चार वाढलेले पुरुष डोळे मिटून ते हेलिकॉप्टर ऐकत होते. "बेस बघ, बेस," मागचा एकजण म्हणाला, आणि दुसऱ्याने भजनात मान हलवतात तशी हलवली. बाहेर मामा मला काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. काय विचारत होते ते मला कळलं नाही. आबा कारखान्यात बहिरेपणाच्या ज्या शांततेत नाइलाजाने गेले, ती या लोकांनी हौसेने आणली होती.

त्याचे मित्र गेल्यावर सम्राट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. "आये, भूक लागलीया."

आईने त्याच्याकडे बघितलं. "कवा आलास?"

"कवाच की. आम्ही बाहेरच हाय तासभर. गाडी बघितली न्हाईस व्हय?"

"मला कळलंच न्हाय गाडी आली ते," आई म्हणाली. "हॉर्न वाजल्याला. मला वाटलं कुणाची वरात." आणि उठली नाही. सकाळच्या भाकरीचं टोपलं तिने पुढे सरकवलं.

सम्राटने गार भाकरी मोडली. त्याला चुकल्यासारखं काही वाटलेलं दिसलं नाही. एका हाताने खात त्याने दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. "अक्का, राजवीरनं रील टाकलीया. लोकं बघायला तुटून पडल्यात." आणि त्याने आवाज मोठा करून लावली.

टण्ण, टण्ण.

माझ्या मागे काडेपेटी खरखरली. गॅस पेटला. आईने तवा ठेवला, परात ओढली, पिठाचा गोळा हातात घेतला. हे सगळं तिने आमच्याकडे न बघता केलं. रीलमध्ये राजवीर काहीतरी बोलला, थप्प झालं, लोक हसले, आणि रील आपली आपण पुन्हा सुरू झाली.

टण्ण, टण्ण.

"आलं ऐकू," आई भाकरी थापत म्हणाली. "किती वाजवायचं ते. एकदा वाजवलं की कळतंय."

मग तिचा हात थांबला. तिने वर बघितलं. सम्राटच्या हातातला मोबाइल तिला दिसला. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, कारण थापून झाली होती.

सम्राटला मोबाइल बंद करायला वेळ लागला. बोटं भाकरीची होती, पडदा ऐकत नव्हता. रील अजून एकदा वाजली. अखेर त्याने तो मांडीखाली दाबला.

"अक्का," तो म्हणाला. "तू हे मला सरळ का न्हाईस सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं."

"तसं न्हवं. असं." त्याने तव्याकडे बोट केलं.

राजवीरसमोर? आणि सांगितलं असतं तर त्याने बोर्डावर तवा छापला असता. पण आई होती, म्हणून मी म्हणाले, "खा. गरम आहे."

सकाळी तो पुन्हा आला आणि त्याने स्पीकर लावून राजवीरला फोन केला. मला ऐकू येत होतं. राजवीर आधी हसला, मग त्याला ते खरं आहे असं कळल्यावर दुखावला. कंपनीची शीट आहे, म्हणाला. जन्मभराची हमी आहे, म्हणाला. काढायची असती तर लावली कशाला असती? सम्राटने त्याला एक शिवी दिली, जी मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच योग्य ठिकाणी वापरलेली ऐकली.

मी सांगलीला फोन करून रजा टाकली.

दाराचं पॅनेल आम्ही दोघांनीच उतरवलं. सम्राटने त्याची एक कड मोडली. कुठल्याही वस्तूची एक कड मोडल्याशिवाय त्याला ती उघडता येत नाही, लहानपणापासून. आत चंदेरी वर्ख, त्याच्याखाली काळा चिकट थर, त्याच्याखाली अजून एक चंदेरी, अजून एक काळा. पाहुणचार. आईच्या अंगणात वायर ओढून त्याच्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लावला. तो फिरवला की थर मऊ होतो, मग खरवडायचा. सम्राटने त्यासाठी स्वयंपाकघरातून उलथनं उचलून आणलं.

"ते भाकरीचं हाय!" आई आतून ओरडली.

"नवीन आणतो की!"

"नवं काय करायचंय मला!"

तो खरवडत होता आणि मी ड्रायर धरून होते. तो वाईट खरवडतो. उलटंसुलटं, घाईने, मध्येच फोन घेतो. पत्र्यावर त्याने दोन ओरखडे काढले. मी दाखवले तेव्हा म्हणाला, "आतनं हायत, कोण बघतंय?" त्याचा बोर्ड चौकात तसाच उभा होता, गॉगलवाल्यांसकट. तो उतरवायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. एकाच दिवशी त्याच्याकडून किती अपेक्षा करायची.

दुपार कलली तोवर वरचा थर निघाला होता, आणि खालच्यातला पोच्यामागचा तळहाताएवढा तुकडा. सम्राटने घाम पुसला, मागे सरला, आणि माझ्याकडे बघितलं. मारू का, असं.

मी मान हलवली.

त्याने पोच्यावर तळवा मारला. दोनदा. थप्प नव्हतं. टण्णही नव्हतं. मधलंच काहीतरी, झाकण असलेल्या डब्यासारखं.

आत काहीच हललं नाही. आम्ही दोघंही तिकडे कान लावून उभे होतो. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"अजून न्हाय."

सम्राटने उलथनं उचललं. मी ड्रायर चालू केला.